दहा फुटांचा दिवस
(नागपुरात झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आज मी इथे बर्डीवरूनच आलो. ‘सीताबर्डी’ हे नाव आपण पत्त्यात लिहितो, तोंडात मात्र बर्डीच असतं. मेट्रोतून उतरलो आणि जिन्याने मुंजे चौकात आलो. लहानपणी दिवाळीचे कपडे घ्यायला आई आणायची तेव्हा या भागात शिरलं की ती माझा हात घट्ट धरायची. आज मी माझा खिसा घट्ट धरला. एवढा बदल सोडला तर गर्दी तीच.

मला विषय दिला आहे मध्यवर्ती बाजारपेठेच्या पुनर्विकासाचा. हा शब्द उच्चारला की पडद्यावर एक चित्र येतं. काचेची इमारत, गुळगुळीत फरशी, कुंड्या, आणि पाच-सहा उंच गोरी माणसं निवांत चाललेली. मी स्वतः अशी चित्रं काढून घेतली आहेत, म्हणून सांगतो, ती माणसं संगणकातल्या तयार साठ्यातून उचललेली असतात. त्यांतल्या एकाच्याही हातात पिशवी नसते. बाजारात आलेला माणूस, आणि हातात पिशवी नाही!

काही वर्षांपूर्वी मी माझ्या विद्यार्थ्यांना एक काम दिलं. बर्डी मेन रोडवर कुठल्याही एका दुकानापुढची दहा फूट जागा निवडायची आणि सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत पाळीपाळीने तिथे उभं राहायचं. कोण आलं, किती वाजता आलं, किती जागा घेतली, एवढंच काढायचं. मुलं कुरकुरली. ‘सर, काऊन? गूगलवर दिसते ना सगळं.’ पण गेली.

सहाला झाडूवाली बाई आली. तिने कचऱ्याचा ढीग नेमका त्याच दहा फुटांत लावला, कारण कचरागाडी तिथे थांबते. साडेसहाला बंद शटरच्या पायरीवर पेपरवाल्यांनी गठ्ठे सोडले. नऊला ‘छोटा हत्ती’ टेम्पो आला, दोन हमालांनी कपड्यांच्या गठाणी उतरवल्या. साडेदहाला मालकाने शटर वर केलं, पाणी शिंपडलं, उदबत्ती ओवाळली. अकराला पायरीलगत रुमाल-मोजेवाल्याने चादर अंथरली. त्याचा माल रात्री त्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर असतो, हे मुलांना दुपारी चहा पिताना कळलं. उन्हं चढल्यावर त्याने आपल्या छत्रीची दोरी दुकानाच्या पाटीला बांधली. पाचनंतर तिथून माणूस चालत नव्हता, ढकलला जात होता. दहाला शटर खाली आलं, आणि सव्वादहाला त्याच पायरीपुढे आमलेटची गाडी लागली.

महापालिकेच्या नकाशात या दहा फुटांवर एकच शब्द आहे: रस्ता.

माझं म्हणणं सगळं इथून निघतं. आपण बाजाराची जागा मोजतो, त्याची वेळ मोजत नाही. आणि ही चूक नागपूरकरांनी तरी करू नये, कारण आपल्या जुन्या शहराने बाजारांना नावंच वारांची दिली आहेत. इतवारी, सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. पुण्याच्या पेठांनाही वार आहेत, मान्य. पण तिथला माणूस पेठेला आता पत्ता समजतो. आपल्याकडे महालातल्या बुधवार बाजाराच्या नावातच अजून वार आणि बाजार दोन्ही शिल्लक आहेत. अमुक वारी अमुक मैदानात बाजार, उरलेले दिवस ते मैदान दुसऱ्या कुणाचं तरी. एका जागेचे अनेक मालक, वाराप्रमाणे वाटलेले.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय आपली अडचण कळत नाही. १७०२ मध्ये गोंड राजा बख्त बुलंद शाहाने शहर वसवलं. पुढे भोसल्यांनी महालात राजधानी थाटली आणि तिच्याभोवती या वारांच्या पेठा वाढल्या. इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला त्यांचा प्रतिनिधी, मात्र शहराबाहेर, पश्चिमेला, सीताबर्डीच्या टेकड्यांच्या बाजूला राहिला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची भोसले-इंग्रज लढाई तिथेच झाली. मग साहेबांची वस्ती पश्चिमेलाच वाढली, १८६७ मध्ये रेल्वे आली आणि शहराच्या मधून रूळ गेले. रुळांच्या पूर्वेला इतवारी-गांधीबाग, पश्चिमेला बर्डी. म्हणून नागपूरचा ‘मध्यवर्ती बाजार’ एक नाही, दोन आहेत, आणि दोघांची घड्याळं वेगळी. लग्नाचा बस्ता इतवारी-गांधीबागेत बांधायचा आणि नवरदेवाच्या धाकट्या भावाचा शर्ट ऐनवेळी बर्डीत घ्यायचा, ही आपल्याकडची रीत. ठोक बाजार सकाळी लवकर जागा होतो, त्याला ट्रक लागतो. चिल्लर बाजार संध्याकाळी फुलतो, त्याला पाय लागतात. दोघांना एकच आराखडा लावायचा म्हणजे सासू-सुनेला एकाच मापाचं ब्लाऊज शिवायचं.

आता आराखड्याचं गणित. पुनर्विकासाचा खर्च बहुतेक वेळा सरकार करत नाही, विकासक करतो. त्याला वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, मिळते, जुन्या गाळेधारकांना गाळे देऊन उरलेलं तो विकतो. कागदावर सगळ्यांचं भलं. पण बाजारात सगळे मजले सारखे नसतात. रस्त्याच्या पातळीवरचा आठ-बाय-दहाचा गाळा वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दुकानापेक्षा जास्त कमावतो, हे बर्डीतल्या कुठल्याही नोकराला विचारा. मेथीची जुडी घ्यायला कुणी जिना चढत नाही. तरी सरकारी व्यापारी संकुलात भाजीवाल्याला वरचा मजला द्यायची हौस फिटत नाही. मग काय होतं? तो गाळा कुलूप लावून ठेवतो आणि खाली येऊन त्याच इमारतीच्या दारात ठेला लावतो. मग आपण म्हणतो, बघा, यांना शिस्तच नाही.

त्यात आणखी एक पेच. आपल्या जुन्या दुकानांत एका गाळ्यावर तीन-चार जणांचा संसार असतो. मूळ मालक धरमपेठेत किंवा पुण्याला. भाडेकरू दोन पिढ्यांचा, पगडी देऊन आलेला. प्रत्यक्ष गल्ल्यावर बसणारा तिसराच, भाडेकरूचा मेहुणा म्हणा. आणि ओट्यावर चौथा, जो रोज संध्याकाळी काही पैसे आत सरकवतो. पुनर्वसनाची यादी करायला अधिकारी येतो तेव्हा पहिले दोघे कागदपत्रं घेऊन उभे असतात. तिसरा गप्प बसतो. चौथा त्या दिवशी दुकानच लावत नाही.

चौथ्यासाठी कायदा आहे, आणि चांगला आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा. त्यात आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र. ते होईपर्यंत कुणाला हटवायचं नाही. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले, आणि त्यांच्यात एक तृतीयांश स्त्रिया. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. २०११ च्या जनगणनेत नागपूर चोवीस लाखांवर होतं, म्हणजे हिशेब साठ हजारांवर जातो. पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक, म्हणजे आपोआप वसलेल्या, बाजारांना वारसा बाजार म्हणायचं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, अशीही त्यात तरतूद आहे. आपल्या बुधवार बाजारांकडे, इतवारीच्या गल्ल्यांकडे या तरतुदीच्या चष्म्यातून बघा, मग कळेल मी काय म्हणतो ते. आपल्याकडे काय होतं? अतिक्रमणवाले आले अशी हाक येते, दहा मिनिटांत चादरी गोळा होतात, अर्ध्या तासाने परत अंथरल्या जातात. हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पुन्हा पुन्हा गेला आहे. दुकानदारांचंही खोटं नाही. भाडं, कर, वीजबिल ते भरतात आणि त्यांची काच चादरीमागे झाकली जाते. पण सकाळी अकरा ते चार जी जागा बरीच मोकळी असते आणि पाच ते नऊ जिथे चेंगराचेंगरी होते, तिथे चोवीस तासांचा एकच नियम लावून कुणाचं भागणार?

दिल्लीच्या चांदनी चौकाचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सव्वा किलोमीटरहून थोडा मोठा रस्ता २०२१ च्या सप्टेंबरमध्ये नव्या रूपात खुला झाला. तांबडा दगड, बाकं, झाडं हे सगळं झालंच. पण मुख्य निर्णय दगडाचा नव्हता, वेळेचा होता: सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाडीला बंदी. माल रात्री. आता तिथेही तक्रारी आहेत. व्यापारी म्हणतात, रात्री माल उतरवायला माणूस मिळत नाही. ई-रिक्षा घुसतात. ठीक आहे. पण भांडण योग्य गोष्टीवर चाललं आहे, घड्याळावर. पुण्याने लक्ष्मी रस्त्यावर वर्षातून एक दिवस गाड्या बंद करून बघितल्या. आपण तर हे फार आधीपासून करतो! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा इतवारीत कुणाची गाडी जाते? ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत सगळं शहर पायी रस्त्यावर. रस्ता बंद करता येतो, याचा पुरावा आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून आहे.

बांधकामाच्या काळाबद्दल मात्र मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण बाजार मरतो तो तिथे. मुंबईच्या भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर सुमारे अडीचशे इमारती, तीन हजारांवर कुटुंबं आणि साडेबाराशे दुकानं यांचा समूह पुनर्विकास हाती घेतला. त्यासाठीचा ट्रस्ट २००९ चा. दहा वर्षं उलटून गेली तरी काम टप्प्याटप्प्यानेच चाललेलं. तिथे संक्रमण निवासाची, म्हणजे काम संपेपर्यंत राहायच्या तात्पुरत्या घरांची, सोय आधी केली म्हणून निदान माणसं टिकली. घर दुसरीकडे नेता येतं हो, मुलांची शाळा थोडी लांब पडेल. दुकानाचं गिऱ्हाईक दुसरीकडे नेता येत नाही. तीन दिवाळ्या बुडाल्या की लेस-बटणवाला परत उभा राहत नाही. म्हणून मी आराखडा घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न इमारतीचा विचारत नाही. मी विचारतो, येत्या दिवाळीत हा माणूस कुठे बसेल? त्याच्या पुढच्या दिवाळीत? एका वेळी एकच गल्ली तोडायची, दसऱ्याआधी पत्रे काढायचे, तात्पुरते गाळे दोनशे पावलांच्या आत द्यायचे. हे लिहून मिळालं तर पुढे बोलू.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. काचेच्या दर्शनी भागांची चित्रं काढणाऱ्यांना मी मेमध्ये दुपारी दोनला व्हरायटी चौकात उभं करणार आहे. सिग्नलवर सावलीसाठी हिरवी जाळी बांधायची कल्पना इथे आली ती उगाच नाही. जुन्या पेठांत गल्ली अरुंद आणि वर सज्जे, त्यामुळे सावली फुकट मिळायची. आपण गल्ली रुंद करतो, सज्जे कापतो आणि मग वातानुकूलन बसवतो. रुंदी कमी ठेवा, सलग ओसरी द्या. ओसरी म्हणजे पाऊस-उन्हात चालायची वाट, दुकानाचं वाढीव गोदाम नव्हे, हे मात्र दुकानदार मित्रांनो, तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल.

पाण्याचं तर आपण सगळ्यांनी पाहिलं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्तीत शिरली, मोर भवनच्या बस स्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्याच परिसरात कुणी दोन मजली तळघर वाहनतळ सुचवत असेल तर पंप कुठे, वीज गेल्यावर तो कशावर चालणार, हे विचारा. पुन्हा सांगतो, खांबांवरून मेट्रो बर्डीत उतरते. दोन्ही मार्ग इथेच मिळतात. इतकं केल्यावर तळघरात गाडी ठेवायची सोय कुणासाठी?

एक गोष्ट आराखड्यांत कधीच मोठी नसते. माझी आई बर्डीत यायच्या दिवशी सकाळपासून पाणी कमी प्यायची. का, ते तेव्हा मला कळलं नाही. माझ्या विद्यार्थिनींनी त्या अठरा तासांच्या नोंदींत समासात लिहिलं होतं: ‘स्वच्छतागृह शोधलं, चालत अकरा मिनिटं, कुलूप.’ ज्या बाजाराचं निम्मंअधिक गिऱ्हाईक बायका, त्याची ही गत.

त्या मुलांनी शेवटी एक लांब पट्टी काढली. खाली तास, वर माणसं, प्रत्येकाने घेतलेली जागा रंगवून. आम्ही ती दुकानदाराला दाखवली, त्याने मान डोलावली, छान आहे म्हणाला. मग मोजेवाल्याला दाखवली. त्याने चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून सगळी पट्टी बोटाने वाचली. झाडूवाली, पेपरवाले, हमाल, शेठ, स्वतःवर थोडं थांबला, मग आमलेटची गाडी. बाराच्या रेघेवर बोट टेकवून म्हणाला, ‘याच्या पुढचं नाही काढलं जी? आमलेटवाला गेला का इथं एक म्हातारबाबा झोपते. शेठचा चौकीदारच समजा. पगार नाही, पण झोपते.’

मुलांनी दुसऱ्या दिवशी पट्टीला कागद जोडला.