चिठ्ठी, पाचारण आणि फी

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातली एक प्रार्थनासभा डोळ्यांसमोर आणा. टेबलावर एकसारखी दिसणारी पुस्तकं ओळीने मांडलेली आहेत. मंडळीने, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांनी, आपल्यातूनच सुचवलेले पाच-सहा पुरुष, बहुतेक शेतकरीच, पुढे येऊन एकेक पुस्तक उचलतात. त्यातल्या एकात चिठ्ठी असते. ती ज्याच्या हाती लागेल तो त्या क्षणापासून उपदेशक, तोही जन्मभराचा. पगार नाही, प्रशिक्षण नाही. त्याच्या घरची माणसं त्या वेळी रडतात असं वर्णन वारंवार वाचायला मिळतं, आणि ते रडणं धास्तीचं असतं. उद्यापासून शेतीही बघायची आणि रविवारी उपदेशही करायचा!

आमिश आणि जुन्या वळणाचे मेनोनाइट, म्हणजे प्रौढपणीच बाप्तिस्मा देणाऱ्या आणि शस्त्र न उचलणाऱ्या ख्रिस्ती पंथांतली माणसं, आजही असाच उपदेशक निवडतात. पाळक होण्याच्या शिक्षणाचा खर्च कोणी द्यायचा, हा आजचा आपला प्रश्न त्यांना पडतच नाही. तो पडला त्यांच्या शिकलेल्या भावंडांना, म्हणजे इतर मेनोनाइटांना. पगारी उपदेशकाकडे संशयाने पाहणारा हा समाज शिष्यवृत्त्यांपर्यंत कसा आला, ते मला सांगायचं आहे.

थोडं मागे जाऊ. जानेवारी १५२५ मध्ये झुरिकला काही तरुणांनी, ज्यांच्यापासून पुढे हे पंथ निघाले, एकमेकांना प्रौढपणी बाप्तिस्मा दिला. राज्यसत्ता आणि चर्च यांची सांगड त्यांना मान्य नव्हती. सरकारी तिजोरीतून किंवा सक्तीच्या दशांशातून (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शातून) ज्याला वेतन मिळतं, तो पाळक त्यांच्या लेखी भाडोत्री. दोन वर्षांनी, फेब्रुवारी १५२७ मध्ये, श्लाइटहाइम या गावी त्यांनी सात कलमं ठरवली. पाचवं कलम पाळकाविषयीचं आहे. त्यात म्हटलं आहे की पाळकाला गरज असेल तर ज्या मंडळीने त्याला निवडलं तिने त्याचा निर्वाह चालवावा. म्हणजे पैशाला विरोध नव्हता. पैसा कोणाकडून येतो, याबद्दल कटाक्ष होता. त्याच कलमात पुढे असंही आहे की पाळक हद्दपार झाला किंवा मारला गेला तर त्याच घटकेला दुसरा नेमावा. हे अतिशयोक्तीने लिहिलेलं नाही. ही कलमं ज्याच्या नावाशी जोडली जातात त्या मायकेल झाटलरला तीन महिन्यांत, मे १५२७ मध्ये, ठार केलं गेलं. जिथे पाळकाचं आयुष्य असं मोजावं लागतं, तिथे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा विचार कोण करणार?

आपल्याकडे ही भावना समजायला जड जाऊ नये. कीर्तन करावं तिथे जेवू नये, हे वारकऱ्यांनी ऐकलेलं असतं. आणि त्याच महाराष्ट्रात वार लावून जेवणारी मुलं शिकून मोठी झाली. विद्या विकू नये, पण शिकणाऱ्याला गावाने जेवू घालावं, या दोन्ही गोष्टी आपण एकाच वेळी मानत आलो. मेनोनाइटांचंही साधारण तसंच झालं.

छळ थांबला तिथे प्रशिक्षण आलं. नेदरलँड्समध्ये हे लोक व्यापारात पुढे गेले, आणि १७३५ मध्ये ॲमस्टरडॅमला त्यांची सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, उभी राहिली. १८११ मध्ये तिच्या खर्चासाठी आणि गरीब मंडळ्यांना पाळकाचं वेतन देता यावं म्हणून एक देशव्यापी संस्था स्थापन झाली. अमेरिकेत वेळ लागला. ओहायोतल्या वॉड्सवर्थला १८६८ मध्ये शाळा उघडली, ती दहा वर्षांत कर्जाखाली बंद पडली. पुढची एक सेमिनरी १९३१ मध्ये, महामंदीत मिटली. इंडियानातल्या एल्कहार्टला १९५८ पासून आणि व्हर्जिनियातल्या हॅरिसनबर्गला १९६५ पासून जे उभं आहे, ते या ठेचांनंतरचं.

आता फीचा प्रश्न. अमेरिकेत पाळकीय पदवी म्हणजे पूर्ण वेळ तीन वर्षं, तीही आधीच्या पदवीवर. शिकायला येणारा पुष्कळदा पस्तिशी-चाळिशीचा, घराचे हप्ते आणि मुलं असलेला. तिथे रूढ झालेली एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. विद्यार्थ्याची मंडळी जी रक्कम देईल तिच्यात एका मर्यादेपर्यंत सेमिनरी आपली भर घालते. मॅचिंग ग्रँट म्हणतात तिला. सेमिनरी नुसती शिष्यवृत्तीही देऊ शकली असती, पण मग मंडळीला काहीच विचारावं लागलं नसतं. इथे मंडळीला बैठक घ्यावी लागते, ‘या माणसाचं पाचारण, म्हणजे देवाकडून आलेलं बोलावणं, खरं आहे असं आपल्याला वाटतं का’ हे बोलावं लागतं, आणि मग खिशात हात घालावा लागतो. श्लाइटहाइमचं पाचवं कलमच, फीच्या पावतीवर आलेलं.

पण या पद्धतीला एक मोठं भोक आहे. मंडळी ज्याला बोलावतच नाही त्याचं काय? स्त्रियांचं हेच झालं. ॲन ॲलेबाख यांना फिलाडेल्फियात १९११ मध्ये दीक्षा मिळाली. उत्तर अमेरिकेतल्या त्या पहिल्या मेनोनाइट स्त्री-पाळक. ‘जुनी’ म्हणवणाऱ्या मोठ्या शाखेने (चिठ्ठीने निवडणारे जुन्या वळणाचे ते वेगळे) एका स्त्रीला दीक्षा द्यायला १९७३ उजाडावं लागलं. मधल्या काळात घरच्या मंडळीच्या भरवशावर कुठली स्त्री सेमिनरीला निघणार होती? पुढे अमेरिकेतल्या मेनोनाइट स्त्रियांच्या संघटनेने इतर देशांतल्या स्त्रियांना चर्चमधल्या नेतृत्वाचं शिक्षण घेता यावं म्हणून स्वतंत्र निधी चालवला, तो मला याच संदर्भात महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोष्ट सरकारी पैशाची. ती जरा सविस्तर सांगतो, कारण ती इतर चर्चांच्या इतिहासात सहसा सापडत नाही. मेनोनाइट शस्त्र हाती घेत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या साडेचार हजारांहून अधिक तरुणांनी सैन्याऐवजी नागरी सेवाछावण्यांत काम केलं, जंगलात आणि मनोरुग्णालयांत. त्यांना पगार नव्हता. १९४४ च्या कायद्याने सैनिकांना कॉलेजचा खर्च मिळाला, यांना मिळाला नाही. म्हणून १९४५ मध्ये मेनोनाइटांनी परस्पर साहाय्याची स्वतःची संस्था काढली आणि या परतलेल्या पोरांना कर्जं दिली.

हाच पेच १९८० नंतर पुन्हा आला. सैन्यभरतीसाठी नावनोंदणी तरुणांना सक्तीची झाली, आणि १९८२ च्या दुरुस्तीने ठरवलं की जो नोंदणी करणार नाही त्याला केंद्र सरकारची शैक्षणिक मदत नाही. मनाची ग्वाही म्हणून नाव न नोंदवणाऱ्या मुलाचं कर्ज आणि अनुदान दोन्ही गेलं. तेव्हा मेनोनाइटांनी अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळा निधी उभा केला. लाभार्थी थोडेच होते, पण सद्सद्विवेकाची किंमत एकट्या मुलाने मोजू नये, ती वाटून घ्यावी, असा त्यामागचा हिशेब. ही अट काढणारा कायदा झाला तो थेट २०२० मध्ये.

आता आपल्याकडे येऊ. १८९७ च्या दुष्काळात अमेरिकन मेनोनाइट धान्य घेऊन आले. १८९९ मध्ये धमतरीला त्यांचं मिशन सुरू झालं, १९०१ मध्ये चांप्याला. आज हा छत्तीसगड; तेव्हा मध्य प्रांत, ज्याची राजधानी नागपूर. दुष्काळातल्या अनाथ मुलांमधूनच पुढे उपदेशक तयार झाले, आणि ते मिशनच्या पगारावर होते. इथे सगळं उलटं झालं. मंडळीने निवडलेला आणि मंडळीने पोसलेला पाळक हे ज्यांचं तत्त्व, त्यांच्याच भारतीय उपदेशकाला वेतन येई ते परदेशातून. हा प्रश्न एकट्या मेनोनाइटांचा नव्हता. मिशनचा पगारी नोकर राहायचं नाही म्हणून कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशन सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ काढला, हे आपण जाणतोच.

१९५३ मध्ये यवतमाळला अनेक पंथांच्या चर्चांनी मिळून युनियन बिब्लिकल सेमिनरी चालू केली. मेनोनाइट तिच्यात होते. १९८३ मध्ये ती पुण्यात बिबवेवाडीला आली. चांप्याचा मुलगा तिथे शिकायला येतो तेव्हा शिक्षण इंग्रजीत, खर्च पुण्याचा आणि घरची मंडळी भातशेती करणाऱ्यांची. परदेशी मदत थांबवा असं मी म्हणणार नाही, ते चैनीचं बोलणं होईल. पण घरच्या मंडळीचा वाटा, मग तो येण्याजाण्याच्या भाड्याएवढा का असेना, त्यात असावा. शिकून झाल्यावर तो कोणाकडे परततो हे त्यावर ठरतं.

शेवटी कोणी विचारेल, बँकेचं शैक्षणिक कर्ज का काढू नये? काढता येईल की. फक्त हप्ता डोक्यावर असलेला पाळक चांप्याजवळच्या खेड्यात जाणार नाही. पगार देऊ शकेल अशी शहरातली मंडळी तो शोधेल, नाहीतर एखाद्या संस्थेत नोकरी. आणि त्याला दोष देता येणार नाही, कारण खेड्यातल्या त्या मंडळीने त्याला पाठवलंच नव्हतं.