अंगठ्यावरचं ओझं

[दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. पीठ-साखर मोजायचा डिजिटल वजनकाटा. एक हात त्यावर टॅबलेट ठेवतो. आकडा थरथरतो आणि थांबतो.]

४६९ ग्रॅम. हा २०१३ सालचा पहिला आयपॅड एअर. अर्धा किलोसुद्धा भरला नाही.

आता तो काट्यावरून उचला आणि डाव्या हातात धरा. एकाच हातात, कडेला. चार बोटं खाली, अंगठा वर. उजवा हात मोकळा, कारण त्यात चहाचा कप आहे. पडद्यावर काहीतरी वाचायला घ्या. दिवाळी अंकाची पीडीएफ असेल तर उत्तम, ती लवकर संपत नाही.

[दृश्य : अंगठ्याचं अगदी जवळून चित्रण.]

नखाकडे बघा. टोकाशी ते पांढरं पडायला लागलंय. मनगट किंचित आत वळलंय. थोड्या वेळानं कोपर बरगडीला येऊन टेकेल, मग टॅबलेटची खालची कड पोटावर येईल. शेवटी माणूस पलंगावर आडवा होईल, गुडघे उभे करेल आणि टॅबलेट मांड्यांवर टेकवून वाचायला लागेल. हा क्रम जवळपास प्रत्येक घरात हाच असतो, कुणी शिकवलेला नसताना.

काट्यावर अर्धा किलो न भरणारी वस्तू हाताला एवढी का रेटते?

[दृश्य : कागदावर पेन्सिलनं काढलेली आकृती.]

याचं उत्तर शाळेतल्या विज्ञानात आहे. तरफ. टॅबलेटचं वजन त्याच्या मध्यावर, आणि आपण धरतो कडेला. आयपॅड एअरची रुंदी साधारण १७ सेंटिमीटर, म्हणजे त्याचा मध्य कडेपासून साडेआठ सेंटिमीटर लांब. समजा अंगठा कडेपासून एक सेंटिमीटर आत आहे आणि खालच्या बोटांची टोकं चार सेंटिमीटर आत. टॅबलेट पाटासारखा आडवा आहे. बोटं झाली टेकू. टेकूच्या एका बाजूला साडेचार सेंटिमीटरवर ४६९ ग्रॅम, दुसऱ्या बाजूला तीन सेंटिमीटरवर अंगठा. गणित करा : अंगठ्याला सुमारे ७०० ग्रॅमचा जोर लावून खाली दाबायला लागतं. आणि बोटांवर येतं टॅबलेटचं वजन अधिक अंगठ्याचा दाब. जवळजवळ १,१७० ग्रॅम.

आता व्हिडिओ बघायला तोच टॅबलेट आडवा फिरवा. लांबी २४ सेंटिमीटर, म्हणजे मध्य बारा सेंटिमीटरवर गेला. अंगठ्याचा दाब सव्वा किलो. वजनकाट्याला विचाराल तर तो अजून ४६९च सांगेल.

वाचताना आपण टॅबलेट थोडा तिरका धरतो, त्यामुळे प्रत्यक्षात हे आकडे कमी होतात. पण तिरका केला की तो खाली घसरू पाहतो, आणि पाठ गुळगुळीत असेल तर तो निसटू नये म्हणून पुन्हा चिमटा घट्ट करावा लागतो. शिवाय हे स्नायू हलत नाहीत, नुसते आवळून राहतात. पिशवी घेऊन चालताना आपण हात बदलतो, झुलवतो. इथे तीच बोटं, तोच कोन, तोच ताण. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही आणि तो लवकर थकतो.

आमचं म्हणणं एवढंच, की गेली दीड दशकं कंपन्या ग्रॅम मोजत बसल्या. हाताची तक्रार बऱ्याच अंशी सेंटिमीटरची होती.

[दृश्य : जुन्या संगणकांची छायाचित्रं, एकामागून एक.]

सुरुवात ग्रॅमपासूनच झाली, आणि ते साहजिक होतं. १९७२ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ॲलन के यांनी लहान मुलांसाठी एका संगणकाची कल्पना कागदावर मांडली. नाव डायनाबुक. आकार वहीएवढा, वजन चार पौंडांच्या आत, म्हणजे १.८ किलोपेक्षा कमी. त्या काळात संगणकाला खोली लागायची, तेव्हा हे स्वप्नच होतं. १९८९ मध्ये ग्रिडपॅड आला, पेननं पडद्यावर लिहायचा. तो दोन किलोंच्या आसपास. आणि २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं टॅबलेट पीसी आणले, तेही दीड किलोच्या घरातले. उभ्यानं हातात धरून काम करा, असं सांगायला सोपं होतं. करणाऱ्याचा खांदा वेगळं सांगायचा.

२७ जानेवारी २०१०. सॅन फ्रान्सिस्को. स्टीव्ह जॉब्स मंचावर आयपॅड घेऊन आले आणि एका चामडी आरामखुर्चीत बसून त्यांनी तो दाखवला. त्या चित्रफितीत त्यांच्या हाताकडे नाही, मांडीकडे बघा. आयपॅड मांडीवर टेकवलेला आहे. ६८० ग्रॅमची ती वस्तू आरामात वापरायची तर तिला काहीतरी टेकू हवा, हे पहिल्याच दिवशी साऱ्या जगासमोर दिसलं होतं. तेव्हा सगळे पडदा बघत होते.

पुढच्या वर्षी आयपॅड २ आला, ६०१ ग्रॅमचा. जाडी १३.४ मिलिमीटरवरून ८.८ वर उतरली. मग २०१२ मध्ये गाडी उलटी फिरली. तिसरा आयपॅड ६५२ ग्रॅमचा निघाला. पडदा चौपट बारीक ठिपक्यांचा झाला होता. तो उजळायला जास्त वीज, विजेला मोठी बॅटरी. आधीची बॅटरी सुमारे २५ वॉट-तासांची, ही साडेबेचाळीस. टॅबलेटच्या पोटात सर्वांत जड असतात त्या बॅटरी आणि काच; पडद्याचे लाड पुरवले की बॅटरी वाढते आणि तो भार मुकाट आपल्या अंगठ्यावर येतो.

आयपॅड एअरनं एका झटक्यात १८३ ग्रॅम उतरवले, हे मात्र खरं कौशल्य. आणि आणखी एक गोष्ट त्यात झाली, जिच्याकडे कमी लक्ष गेलं : पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या अरुंद झाल्या. रुंदी घटली, मध्य कडेच्या जवळ आला. हाताला जो आराम वाटला त्यातला काही ग्रॅमचा आणि काही सेंटिमीटरचा होता.

[दृश्य : सात इंची आणि दहा इंची टॅबलेट शेजारी शेजारी.]

लहान टॅबलेट हा सरळ उपाय. ऑक्टोबर २०१० मध्ये जॉब्स यांनी सात इंची टॅबलेटची जाहीर टिंगल केली होती : यासोबत सँडपेपर द्यावा, म्हणजे वापरणाऱ्याला बोटं घासून बारीक करता येतील. २०१२ मध्ये गुगलचा नेक्सस ७ आला, ३४० ग्रॅमचा, पाठीला रबरासारखी पकड असलेला. पुस्तकासारखा एका तळव्यात मावणारा. त्याच वर्षी, जॉब्स यांच्या निधनानंतर वर्षभरानं, ॲपलचाही आयपॅड मिनी बाजारात आला. ७.९ इंची पडदा, ३०८ ग्रॅम. त्याच्या बाजूच्या पट्ट्या इतक्या बारीक होत्या की अंगठा पडद्यावरच यायचा. म्हणून नुसता टेकलेला अंगठा कोणता आणि मुद्दाम केलेला स्पर्श कोणता, हे ओळखायची सोय प्रणालीतच करावी लागली.

आपल्याकडे ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत ‘आकाश’चं उद्घाटन झालं. सात इंची, विद्यार्थ्यांसाठी, अत्यंत स्वस्त. त्याचा पडदा दाबाचा होता, हलक्या स्पर्शाला दाद न देणारा. एका हाताचं बोट जोरात दाबायचं, तर धरणाऱ्या हाताला तितकाच उलटा जोर लावावा लागतो. वजनात ही गोष्ट कुठेच दिसत नाही. पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या पुढाकारानं आलेल्या ‘आकाश २’मध्ये तो पडदा बदलला.

आता या गोष्टीतला आमचा आवडता भाग. काही जणांनी वजन कमी करण्याऐवजी ते हलवलं.

[दृश्य : सोनीच्या टॅबलेटची बाजूनं दिसणारी, पाचरीसारखी आकृती.]

२०११ चा सोनी टॅबलेट एस. अंकाची पानं मागे दुमडून एका हातात धरावा तसा आकार. एक कड जाड, गोलसर, दुसरी पातळ. वजन ५९८ ग्रॅम, आयपॅड २ पेक्षा फक्त तीन ग्रॅम कमी. पण भार जाड कडेकडे, म्हणजे तळव्यात. बोटांना चिमटा काढावा लागत नव्हता, मूठ वळायची.

२०१३ मध्ये लिनोव्होनं योगा टॅबलेटच्या एका कडेला नळकांडं लावलं आणि बॅटरी त्यात भरली. धरायचं तिथेच वजन. त्या नळकांड्यातून एक पत्रा उघडायचा, त्यावर टॅबलेट टेबलावर उभा राहायचा. दिसायला विचित्र होता, कबूल. दुकानात चकचकीत पातळ पाटीशेजारी तो बिचारा गावाकडून आलेल्या पाहुण्यासारखा दिसायचा.

आणि २०१६ चं किंडल ओएसिस. हे नुसतं वाचायचं यंत्र, १३१ ग्रॅमचं. एक बाजू साडेआठ मिलिमीटर जाड, दुसरी ३.४. जाड बाजूला बॅटरी आणि पान उलटायची दोन बटणं, अंगठा जिथे आपोआप येतो तिथेच. डावरा माणूस असेल तर यंत्र उलटं फिरवा, मजकूर स्वतःहून सुलटा होतो. धरण्याचा इतका विचार केलेलं यंत्र त्यानंतर क्वचितच आलं. २०२४ मध्ये ते बाजारातून गेलं.

ही कल्पना वाईट होती म्हणून मागे पडली, असं आम्हाला वाटत नाही. जाहिरातीत जाडी एका आकड्यात सांगता येते. ‘वजन तळव्याजवळ आहे’ हे पोस्टरवर कसं छापणार?

प्रयोगशाळेत मात्र हे तपासलं गेलंय. कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड रेम्पेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लहान हातांच्या माणसांना वेगवेगळ्या आकारांचे टॅबलेट एका हातात धरायला दिले. लहान ते मध्यम आकार, पाठीवर बोटं अडकतील अशी कड किंवा मूठ, आणि न घसरणारा पृष्ठभाग हे सोयीचं ठरलं. लहान हात, म्हणजे आपल्या घरातल्या कितीतरी बायका आणि सगळी मुलं. आणि ऑनलाइन शाळेच्या काळात दहा इंची टॅबलेट कुणाच्या हातात होते, ते आठवा.

हात थकला की आपण टॅबलेट मांडीवर घेतो, आणि दुखणं मानेकडे सरकतं. हार्वर्डमध्ये जॅक डेनरलाइन यांच्या गटानं २०१२ मध्ये आयपॅड २ आणि मोटोरोला झूम घेऊन हेच मोजलं. टॅबलेट मांडीवर असताना मान सर्वांत जास्त वाकलेली आढळली. टेबलावर कव्हरच्या आधारानं उभा करून चित्रपट बघताना ती सर्वांत सरळ राहिली. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. ते पुढे झुकलं की मानेच्या मागचे स्नायू दोरीसारखे ताणले जातात. टॅबलेटच्या शंभर-दोनशे ग्रॅमची इथे काय कथा!

[दृश्य : सागवानी ठवणी. तिच्यावर उघडी पोथी.]

आपल्याकडे तासन्‌तास वाचणाऱ्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. गुरुचरित्राचं पारायण करणारा पोथी हातात धरून बसत नाही. पोथी ठवणीवर, तिरकी, आणि हातात एका वेळी एकच सुटं पान. या चित्रीकरणासाठी आम्ही ठवणीवर टॅबलेट ठेवून पाहिला. छान बसतो. चार्जिंगची तार मात्र खाली दुमडते.

[दृश्य : कारखान्याचं आवार. हेल्मेट घातलेला कामगार, हातात जाड टॅबलेट.]

ज्यांना टेकायला जागाच नाही त्यांचं काय? कारखाने आणि गोदामांत वापरला जाणारा पॅनासोनिकचा टफपॅड एफझेड-जी१ हा दहा इंची, तब्बल १.१ किलोचा. काट्यावर तो आयपॅड एअरच्या दुपटीहून जड. पण त्याच्या पाठीवर मधोमध पट्टा असतो आणि माणूस त्यात तळवा घालतो. वजन बरोबर मध्याखाली आलं, चिमट्याची गरज संपली, बोटं सैल. मोबाइलच्या दुकानात असा पट्टा असलेली कव्हरं साध्या टॅबलेटसाठीही मिळतात, आणि ती स्वस्त असतात. घरातल्या वयस्कर माणसांना महागडा पातळ टॅबलेट घेऊन देण्याआधी हे कव्हर द्या, असं आम्ही बिनधास्त सांगू.

कव्हरवरून आठवलं. २०२४ चा तेरा इंची आयपॅड प्रो ५.१ मिलिमीटर जाडीचा आणि ५७९ ग्रॅमचा झाला. आधीचा ६८२ ग्रॅमचा होता. शंभर ग्रॅम वाचले. आणि २०२० मध्ये बारा पॉइंट नऊ इंची प्रोसाठी जो कीबोर्ड आला होता, तो एकटाच सुमारे ७०० ग्रॅमचा. त्या वर्षीचा प्रो आणि हा कीबोर्ड मिळून साधारण १.३५ किलो. त्याच वर्षीचा मॅकबुक एअर लॅपटॉप १.२९ किलोचा होता. घडी घालून बॅगेत टाकला की टॅबलेटवाल्याचीच बॅग जड.

[दृश्य : शोरूम. ओळीनं लावलेले टॅबलेट, प्रत्येकाला मागून तार.]

दुकानात टॅबलेट स्टँडवर असतो, चोरीला जाऊ नये म्हणून तारेनं बांधलेला. तिथे पडदा कळतो, रंग कळतात. अंगठ्याला काही कळत नाही. तेव्हा सेल्समनला सांगा, डेमोचा पीस सोडवून दे आणि त्याला कव्हरही घाल. मग एका हातात, आडवा, कडेला धरा आणि किमतीची घासाघीस सुरू करा. ती संपेपर्यंत दुसरा हात मदतीला आला, तर एक साइज लहान दाखवायला सांगा.