खोलता येईल अशीच गाडी घ्या

(दृश्य: उलंगवाडी झालेलं कापसाचं वावर. बांधालगत धूळ उडवत एक छोटी गाडी धावते.)

यवतमाळ जिल्ह्यात फेब्रुवारी लागला की पऱ्हाटी उपटली जाते, तुरीचं खळं आटोपतं आणि गावाभोवती मोकळी जागाच जागा होते. रिमोटची गाडी पळवायला शहरातली माणसं मैदान शोधत फिरतात, इथे ते दाराशीच आहे. हा छंद गावातल्या घरांनी उचलावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

तसा तो जुना आहे. 1898 साली निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये छोटी बोट रेडिओ लहरींवर चालवून दाखवली होती. आजचे बहुतेक रिमोट 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. प्रत्येकाची आपापल्या गाडीशी जोडी ठरलेली असते, म्हणून एकाच खळ्यावर चार गाड्या धावल्या तरी गोंधळ होत नाही.

पहिली गाडी कोणती घ्यावी? जत्रेतली नको. तिचा एक दाता तुटला की ती उकिरड्यावर. हॉबी ग्रेडच्या गाडीत मोटर, चाकं वळवणारा सर्वो, वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर सगळं सुटं असतं; तुटेल तेवढाच भाग मागवायचा. साधी ब्रश मोटर आणि 1:10 माप, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश, इथे बरं पडतं. याहून लहान गाडी आपल्या ढेकळांत अडकते.

(दृश्य: ओसरीवर पोतं अंथरलंय. बाप-लेक गाडी उघडून बसलेत.)

खरी मजा इथे, पोत्यावर आहे. मुलीनं गाडीची मागची बाजू उचलून एक चाक पुढे फिरवलं, तर दुसरं मागे गेलं.

“बाबा, हे उलटं काऊन फिरते?”

“आपल्या ट्रॅक्टरातबी असंच रायते. वयनावर बाहेरच्या चाकाले जास्त जा लागते, आतल्याले कमी. दोन्ही सारखीच फिरली तर गाडी वयन कशी?”

डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी, तिला असं हातात धरून कळलं. चिखलात ट्रॅक्टरचं एकच चाक गरगरतं ते कशामुळे, हेही त्याच बैठकीत निघालं. मग मोटरचं पिनियन, म्हणजे तिच्या दांडीवरचं छोटं गिअर, बसवायचं. वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरच्या मध्ये धरायची, गिअर एकमेकांवर दाबून स्क्रू आवळायचा आणि पट्टी फिरवून बाहेर काढायची. तिच्यावर दात्यांच्या घड्या दिसल्या आणि ती फाटली नाही, की अंतर नेमकं जमलं.

चाकांच्या दांड्यांना कापसाचे तंतू गुंडाळले जातात. ते सुईनं सोडवायचं काम आजीकडे आहे, आणि तिच्याइतकं नीट ते कुणालाच जमत नाही.

आता बॅटरी. इथे हयगय नको. लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल 4.2 व्होल्टला पूर्ण भरतो; 3 व्होल्टच्या खाली उतरला तर खराब होतो. सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच वापरायचा, समोर बसून. फुगलेली बॅटरी पुन्हा लावायची नाही. आणि ज्या खोलीत कापूस भरून ठेवलाय, तिथे चार्जिंग कधीच नाही! लहान मुलांच्या हाती निकेल मेटल हायड्राइडची बॅटरी द्यावी, ती जास्त सोसते. मे महिन्याच्या उन्हात टिनाच्या खोलीत कोणतीच बॅटरी ठेवू नये. गाडी सकाळीच चालवावी, मोटर निवल्यावर दुसरी बॅटरी जोडावी.

(दृश्य: खळ्यावर दोन विटा. मुलगी त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढते.)

आधी रिमोट सुरू करायचा, मग गाडी. बंद करताना आधी गाडी. गाडी दूर जाते तेव्हा डावं ते डावंच असतं, आपल्याकडे येताना मात्र हात उलटा चालवावा लागतो. तो बसेपर्यंत हा आठ काढत राहायचा. गोठ्यापासून लांब, कारण जनावरं बुजतात.

पावसाळ्यात काळी माती चाकांना गोळ्यानं चिकटते. तेव्हा बेअरिंग पुसून तेल द्यायचं, आणि गाडी पडून राहणार असेल तर लिथियम बॅटरी सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवायची.

या घरात सध्या तान्ह्या पोळ्याची, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाची, तयारी आहे. चाकांचा लाकडी बैल यंदा गाडीनं ओढत न्यायचा, असं मुलीनं ठरवलंय. बैल जड आहे, म्हणून कमी दात्यांचं पिनियन मागवलंय: वेग घटेल, ओढ वाढेल.