तीन सेकंद

(दृश्य: दुसरीचा वर्ग. जमिनीवर काड्या, दहा-दहाचे गठ्ठे. बाई मुलांमध्ये मांडी घालून बसलेल्या.)

"बत्तीसमधून सतरा गेले, तर उरले किती?"

एवढं विचारून बाई गप्प बसल्या आहेत. तुम्हीही मोजून बघा. एक... दोन... तीन...

लांब वाटलं ना? वर्गात उभं राहिलं की याहून लांब वाटतं. एव्हाना आपण उत्तर सांगून मोकळे झालो असतो, नाहीतर नेहमी वर असणाऱ्या त्या एका हाताकडे वळलो असतो.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली होती. १९७०च्या दशकातलं हे काम. प्रश्न विचारून शिक्षक थांबत होते जेमतेम एक सेकंद. हेच थांबणं तीन सेकंदांवर गेलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणारे कमी झाले, मुलं उलट प्रश्न विचारू लागली.

सहभाग म्हटलं की टाळ्या, गाणी आणि एका सुरात "होऽऽ बाई" असं चित्र डोळ्यांपुढे येतं. त्यात मजा असतेच. पण सगळे ओरडतात तेव्हा ज्याला येत नाही तोही ओठ हलवतो, आणि ते कुणाला कळतही नाही.

(दृश्य: दोन मुली जवळून.)

या वर्गात आता शेजारणीशी बोलायचंय. आधी एकट्यानं विचार, मग जोडीत बोलणं, मग सगळ्यांना सांगणं, ही पद्धत फ्रँक लायमन यांनी १९८१मध्ये मांडली. चुकीचं उत्तर एकाच कानात सांगायला फारशी भीती वाटत नाही.

"पंचवीस," पहिली कुजबुजते. दोनातून सात जाईनात, म्हणून तिनं सातातून दोन काढलेत. या वयातली अगदी नेहमीची चूक.

दुसरी तिच्यापुढच्या दोन सुट्या काड्यांकडे बोट दाखवते. "यातून सात काढ बघू."

रबर निघतं, गठ्ठा सुटतो. बारा काड्या झाल्या. 'हातचा' हा शब्द अजून कुणी उच्चारलेला नाही.

"बाई, पंधरा!"

बाई "बरोबर" म्हणत नाहीत. उत्तर आल्यावरही थांबावं, हे रो यांच्याच कामातलं. एक... दोन...

"कारण एक गठ्ठा आम्ही फोडला ना, म्हणून दोनच राहिले होते."

(मागच्या रांगेतला मुलगा आपल्या गठ्ठ्याचं रबर काढू लागतो.)