अनुभवाचं गाणं: आधी वस्तू, मग सम

नमस्कार! घर सुटलं, माणूस गेलं, प्रेम मोडलं. यावर गाणं लिहायला बसलं की बहुतेक जण अख्खी हकीकत सांगायला घेतात. ती मावत नाही हो! हिशेब बघा. चार मिनिटांचं गाणं म्हणजे 240 सेकंद. सुरुवातीचं म्युझिक 20, मधले दोन पीस 25-25, शेवट 10. राहिले 160. एक ओळ 6 सेकंदांची धरली तर 26 ओळी. त्यातही मुखडा, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी, फिरून फिरून येणार, काही ओळी दोनदा म्हटल्या जाणार. नव्या ओळी उरल्या बारा-चौदा.

म्हणून त्या प्रसंगातली एक वस्तू निवडायची, हाताला लागेल अशी. बहिणाबाई चौधरींना ऐन तारुण्यात वैधव्य आलं. लिहिता येत नव्हतं; त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी जपली आणि 1952 साली, बाईंच्या मागे, ती पुस्तकात आली. त्या दुःखाच्या गाण्यात वस्तू कोणती? कुंकू. कपाळावरची कर्माची रेषा त्याखाली लपलेली होती, कुंकू पुसलं आणि ती उघडी पडली. ‘वेदना’, ‘विरह’ असले शब्द लागलेच नाहीत.

आता आपण करू. प्रसंग: नोकरीसाठी गाव सोडलं, रात्रीची एसटी. वहीचं एक पान घ्या आणि त्या रात्रीच्या फक्त वस्तू, वास, आवाज लिहा. वीसेक नोंदी होऊ द्या. पहिल्या पाच-सहा कुणालाही सुचतील अशाच असतात, खिडकी, पाऊस, वगैरे. कामाची नोंद खाली सापडते. समजा, डबा सापडला. त्यावरून मुखडा असा:

[स्क्रीनवर:
एस्टी सुटली, आई मागे
डबा उघडला, वाफ अजूनी]

ठेका केरवा, 8 मात्रा. ऱ्हस्व अक्षर एक मात्रा, दीर्घ दोन. ‘एस्टी सुटली’ आठ, ‘आई मागे’ आठ. ‘डबा उघडला’ आठ, ‘वाफ अजूनी’ आठ. बोलताना आपण ‘वाफ्’ म्हणतो, पण गाण्यात त्या ‘फ’ला पूर्ण मात्रा द्यावी लागते. मिनिटाला 160 मात्रांच्या लयीत 16 मात्रांची ही ओळ बरोबर 6 सेकंदांत संपते.

कागदावर सगळं जमलंय. टाळी देऊन म्हणा, दुसरी ओळ अडखळेल. पहिल्या ओळीत समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या, जोर पडणाऱ्या मात्रेवर, ‘ए’ आहे, दीर्घ, छान बसतो. दुसऱ्या ओळीत समेवर ‘ड’ येतो. सम वजन मागते, म्हणून गळा तो ऱ्हस्व ‘ड’ ताणतो आणि ऐकणाऱ्याला ‘डाबा’ ऐकू येतं. नव्या गाण्यांत ही चूक बरेचदा होते, आणि दोष मात्र बिचाऱ्या शब्दांना दिला जातो.

शब्द बदलू नका, जागा सरकवा. आधीच्या ओळीतला ‘गे’ एक मात्रा आखडून घ्या, त्या मोकळ्या मात्रेत ‘ड’ उचला. ‘बा’ नेमका समेवर पडतो. शेवटच्या ‘ला’ला एक मात्रा जास्त मिळते, ती लांबवा आणि पुढच्या समेवर ‘वा’. वाफेवर सम आली की आई मुखड्यात पुन्हा हजर होते.

चाल बांधताना फोन तोंडापासून वीतभर लांब ठेवा, सुरुवातीला पट्टी, म्हणजे कुठल्या सुरात गाताय ते, बोलून घ्या, ‘काळी एक’ वगैरे. नाहीतर आठवड्याने ऐकताना सूर शोधण्यातच वेळ जातो. चाल फार पटकन सुचली तर थोडा संशय घ्या. ती बरेचदा कुठल्यातरी जुन्या गाण्याची निघते. शब्दांऐवजी नुसतं ‘ला ला’ गाऊन दुसऱ्याला ऐकवा, तो लगेच ओळखेल.

अंतऱ्यात, म्हणजे मुखड्यानंतरच्या कडव्यांत, खऱ्या माणसांची नावं, कंपनी, गल्ली घालायची गरज नाही. घटना तुमची, पण त्यातल्या दुसऱ्या माणसाला गाण्यात यायचं आहे का, हे त्याला विचारलेलं नसतं.

शेवटची चाचणी: ज्याला प्रसंग माहीत नाही अशा माणसाला मुखडा आणि एक अंतरा गाऊन दाखवा. ‘गाव कुठलं?’ असं विचारलं तर हरकत नाही, ओळ तशीच ठेवा. ‘मागे कोण राहिलं?’ असं विचारलं, तर पहिली ओळ पुन्हा लिहायला घ्या.