व्हिडिओ घरी, गोंधळ वर्गात

दृश्य: नाशिकमधल्या एका शाळेचा नववीचा वर्ग. बाकांवर सेल, वायरी, विजेला अडवणारे रोध, धारा मोजायचा एक जुना अ‍ॅमीटर.

निवेदन:
हा जो गलका ऐकू येतोय ना, तो मधल्या सुट्टीचा नाहीये, विज्ञानाचा तास चालू आहे. मॅडम फळ्यापाशी नाहीत, तिसऱ्या बाकाजवळ वाकून एका पोराची जोडणी बघतायत आणि तो म्हणतोय, मॅडम मी बरोबर जोडलंय, मीटरच खराबे. मीटर चांगला आहे हे मॅडमना माहितीये, पण त्या काही बोलत नाहीत, पुढच्या बाकावर जातात.

धडा धारा विद्युत. शिकवून झालाय, म्हणजे काल रात्रीच झाला. सात मिनिटांचा व्हिडिओ, मॅडमनी स्वतःच्या किचनमध्ये मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून केलेला, मागे कुकरची एक शिट्टीपण आहे. ती कापायला वेळ कुठे होता. व्हिडिओ गूगल क्लासरूमवर टाकला, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली पाच प्रश्नांचा फॉर्म जोडला. त्यातला एक प्रश्न असा की सहा ओहमचे दोन रोध समांतर जोडले तर एकूण रोध किती? सकाळी स्टाफरूममध्ये चहा घेता घेता मॅडमनी उत्तरं उघडली तर निम्म्या वर्गाने लिहिलंय बारा. बरोबर उत्तर तीन. पोरांनी सरळ बेरीज मारली, एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडणीत करतात तशी.

आता हा फॉर्म नसता तर हे कधी कळलं असतं? सहामाहीच्या पेपरात, आणि तोवर सगळी गाडी पुढच्या धड्यावर.

म्हणून आजचा अख्खा तास त्या बारावर खर्च. पंचवटीकडे जायला गोदावरीवर एकच पूल असता तर काय झालं असतं विचारा कुणालाही, दुसरा खुला केला की गर्दी वाटली जाते आणि एकूण गाड्या जास्त जातात, समांतर जोडणीत विजेचं तेच होतं. पण मॅडम हे आधी सांगत नाहीत. आधी एक रोध लावायचा, काटा बघायचा, मग शेजारी दुसरा लावायचा आणि काटा पुढे सरकला की विचारायचं, काय रे, रोध तर एक वाढवला, मग धारा वाढली कशी? वर्ग गप्प. आणि मग एकदम सगळे बोलायला लागतात. सुरुवातीला ऐकलेला गलका तो हाच.

दृश्य: स्टाफरूम, मोबाईलवर फॉर्मची उत्तरं.

निवेदन:
याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. ऐकायचं ते घरी, करायचं ते वर्गात. 2007 साली अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या एका हायस्कूलात जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स या केमिस्ट्रीच्या दोन शिक्षकांनी तास रेकॉर्ड करायला घेतले, आणि कारण अगदी साधं होतं, खेळाच्या मॅचेस आणि लांबचे प्रवास यामुळे पोरांचे तास बुडायचे. म्हणजे सुरुवात कुठल्या मोठ्या थिअरीतून झालीच नाही, दांड्यांमधून झाली!

आणि खरं सांगू का, नाशिकला यात फार नवल वाटायचं कारण नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला जा, ज्ञानगंगोत्री. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, 1989 ची स्थापना, पहिले कुलगुरू राम ताकवले, आणि ब्रीद ज्ञानगंगा घरोघरी. तेव्हा इंटरनेट नव्हतं, ॲप नव्हतं, होती ती छापील पुस्तकं, एकट्याने वाचून कळतील अशी लिहिलेली, आणि सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र. सातपूर-अंबडच्या कंपनीत शिफ्ट करून बीए करणारे कितीतरी जण तुमच्या ओळखीत असतील. आठवडाभर पुस्तक, रविवारी सर. ब्लेंडेड, म्हणजे घरचं आणि वर्गातलं मिसळलेलं शिक्षण म्हणतात, ते यापेक्षा वेगळं काय असतं? पुस्तकाच्या जागी स्क्रीन आली एवढंच. आणि ज्या केंद्रावर संपर्कसत्र म्हणजे नुसतं पुस्तक वाचून दाखवणं, तिथे लोक दोन रविवारनंतर फिरकायचे नाहीत. स्क्रीनचंही डिट्टो तसंच आहे.

कोविडात आपण नेमकं उलटं केलं. वर्गातलं लेक्चर उचललं आणि जसंच्या तसं झूमवर ठेवलं, पंचेचाळीस मिनिटं, कॅमेरे बंद, सर आवाज येतोय का. त्याला ऑनलाईन म्हणा, ब्लेंडेड म्हणू नका, कारण मिसळायला दुसरं काही नव्हतंच, शाळांना कुलूप होतं. त्यातल्या त्यात 2020 च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी टिलीमिली नावाचं अभ्यासाचं सदर लागायचं, टीव्हीवर, ते ज्या घरात स्मार्टफोन नाही तिथेही पोचायचं म्हणून बरं होतं.

दृश्य: पेठ रस्ता, सावळघाट. मग दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग.

निवेदन:
आता शहर सोडूया. ऑक्टोबर छाटणी झाली की पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांमध्ये येतात, घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, मग जानेवारीपासून खुडा. पोरं कधी सोबत येतात, कधी आजीकडे गावी राहतात. घरात फोन एकच, तो वडिलांकडे, वडील बागेत. म्हणजे रात्री आठनंतर फोन मोकळा होणार आणि तेव्हा डेटा संपलेला असणार.

अशा पोरीला लाईव्ह क्लासचा काय उपयोग? काहीच नाही. तिला उपयोग आहे डाउनलोडचा. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड असतात बघा, तो दीक्षा या सरकारी ॲपवरून स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं आणि बरंचसं आधी उतरवून ठेवता येतं, मग रेंज नसली तरी चालतं. दीक्षा 2017 पासून आहे. आम्हाला एक सर भेटले, ते शनिवारी शाळेच्या वायफायवर पालकांचे फोन जमा करून आठवड्याचे व्हिडिओ भरून देतात, छोट्या साईजचे, आणि सोबत एक कागद, ज्यावर व्हिडिओ बघून सोडवायची चार गणितं. मी विचारलं सर कागद कशाला, ॲपमध्ये टेस्ट असते की. तर म्हणाले, "दादा, कागदावर खाडाखोड दिसते. पोरगी कुठे अडली ते मला खाडाखोडीतून कळतं."

लवचिक शिक्षण म्हणतात ते हे. कोर्स केव्हाही बघा म्हटल्याने ते लवचिक होत नाही, पोरीच्या घरातला फोन किती वाजता मोकळा होतो हे माहीत असलं तर होतं.

दृश्य: गंगापूर रोड, कॉलेज सुटल्याची गर्दी.

निवेदन:
कॉलेजात मामला जरा वेगळा. केंद्र सरकारचं ऑनलाईन कोर्सचं स्वयम् पोर्टल 2017 ला आलं, आणि 2021 च्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाप्रमाणे एका सेमिस्टरमधले 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात, कॉलेजने परवानगी दिली तर. शिकणं फुकट, सर्टिफिकेट हवं तर परीक्षेची फी भरून सेंटरवर जाऊन पेपर द्यायचा. छान सोय आहे. पण पहिल्या आठवड्यात उत्साहाने नाव नोंदवणारे शेवटच्या असाइनमेंटपर्यंत किती टिकतात हे ज्याने केलंय त्याला विचारा. ज्या कॉलेजात एखादे सर आठवड्यातून एकदा त्या कोर्सवाल्यांना एकत्र बसवतात, काय अडलंय विचारतात, तिथली पोरं टिकतात, असं आम्हाला विद्यार्थ्यांनीच सांगितलं.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 2010 मध्ये यावरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले होते. मिश्र, म्हणजे ब्लेंडेड, पद्धत नुसत्या वर्गापेक्षा सरस दिसली खरी, पण त्यांनीच पुढे बजावलं की या वर्गांत पोरांना वेळही जास्त मिळाला होता आणि साहित्यही जास्त, तेव्हा सगळं श्रेय स्क्रीनला देऊ नका. हे वाक्य ॲप विकणाऱ्यांच्या जाहिरातीत अजून तरी कुठे वाचलं नाही.

वेळ. पुन्हा मॅडमकडे येतो. सात मिनिटांच्या त्या व्हिडिओला संध्याकाळचे दोन तास गेले, फॉर्म बनवायला अर्धा, उत्तरं बघायला सकाळची चहाची सुट्टी. यातलं काहीही टाइमटेबलमध्ये नाही. वर्कलोड मोजताना फक्त तासिका मोजतात. आता मॅडम आणि आणखी दोन शाळांमधल्या शिक्षकांनी धडे वाटून घेतलेत, प्रकाशाचा धडा यांचा, आम्ल-आम्लारीचा त्यांचा, व्हिडिओ सगळ्यांचे. मुख्याध्यापकांकडे अर्ज दिलाय, आठवड्यातली एक ऑफ तासिका यासाठी लावून द्या म्हणून. उत्तर यायचंय.