उंदराची मिशी हलली की मेंदूत काय होतं

तर मंडळी, आज उंदराबद्दल, म्हणजे आपल्या घरातला छोटा नाही, लॅबमधला मोठा, ज्याला रॅट म्हणतात तो. हा प्राणी अंधारात डोळ्यांपेक्षा मिशांवर जास्त भरवसा ठेवतो, नाकाच्या प्रत्येक बाजूला तिसेक मोठ्या मिशा असतात, त्या तो सेकंदाला साधारण आठ-दहा वेळा पुढेमागे हलवत चालतो आणि समोर काय आहे ते चाचपत जातो. मिशीत स्वतः नस वगैरे काही नसते हां, ती आपल्या केसासारखीच निर्जीव, पण तिच्या मुळाशी शेकडोच्या आसपास नसांची टोकं असतात, तिथूनच सगळं सुरू होतं.

१९७० मध्ये वूल्सी आणि व्हॅन डर लूस या दोघा शास्त्रज्ञांनी, तेही आधी छोट्या उंदराच्या मेंदूत, एक भारी गोष्ट दाखवली. कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरथरांच्या आवरणाच्या, चौथ्या थरात पेशींचे गोल गोल पुंजके दिसतात, त्यांना बॅरल म्हणतात, आणि एका मोठ्या मिशीला एक बॅरल, मिशा ज्या ओळींत त्याच ओळींत बॅरल! थिएटरमधल्या सीट नंबरसारखं म्हणा ना. नंतर त्यांनीच असंही दाखवलं की पिल्लू जन्मल्या जन्मल्या मिशीचं मूळच खराब केलं तर तिचं बॅरल धड तयारच होत नाही.

आता प्रयोग कसा करतात ते बघा. उंदराला भूल दिलेली असते, कॉर्टेक्समध्ये अगदी बारीक इलेक्ट्रोड, म्हणजे पेशींची वीज टिपणारी तार, उतरवलेला असतो, त्याचा सिग्नल स्पीकरला जोडलेला. एक मिशी काचेच्या बारीक नळीत अडकवून किंचित हलवायची. मिशी डावी असेल तर ऐकायचं उजव्या मेंदूत. ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ), मग थॅलॅमस (मेंदूच्या आतलं, सिग्नल पुढे पाठवणारं ठाणं), मग कॉर्टेक्स असा प्रवास करून साधारण दहा मिलिसेकंदांत सिग्नल पोचतो आणि स्पीकरमधून टक असा आवाज येतो, तोच स्पाइक, म्हणजे न्यूरॉनने (मेंदूतल्या चेतापेशीने) सोडलेला विजेचा छोटा झटका. शेजारची मिशी हलवली तर कमी टकटक, आणि जरा उशिरा. दिशेचाही फरक पडतो, एखाद्या न्यूरॉनला मिशी वर ढकललेली आवडते, दुसऱ्याला मागे.

लोकांना वाटतं की मिशी हलली की तिचे सगळे न्यूरॉन एकदम बोंबलायला लागत असतील. तसं अजिबात नाही. चौथ्या थरातले बऱ्यापैकी बोलतात, पण त्याच्या वर दुसऱ्या-तिसऱ्या थरात गेलात तर बहुतेक पेशी गप्पच, दहा वेळा मिशी हलवली तर एखाद्याच वेळी स्पाइक, काही तर तेवढंही नाही. तीच मिशी सेकंदाला दहा वेळा हलवत राहिलं तर पहिल्या धक्क्याला जोरात उत्तर आणि मग ते उतरत जातं. म्हणजे न्यूरॉनला स्पर्शापेक्षा बदलात जास्त इंटरेस्ट आहे, असं माझं तरी मत.

अजून एक घोळ म्हणजे उंदीर जागा आहे की भुलीत, शांत बसलाय की मिशा हलवतोय, यावर उत्तर बदलतं. शांत बसलेल्या उंदराची मिशी हलवली तर कॉर्टेक्स दणकून उत्तर देतं, पण तोच उंदीर स्वतः मिशा फिरवत असेल तर तेवढ्याच धक्क्याला उत्तर कमी येतं. त्यामुळे 'हा न्यूरॉन इतके स्पाइक देतो' असं नुसतं वाक्य कुठे वाचलंत तर आधी विचारा, कुठल्या अवस्थेत?

मग इतक्या थोड्या टकटकीतून उंदराला कळतं तरी कसं? २००८ मध्ये हाउवेलिंग आणि ब्रेख्त या शास्त्रज्ञांनी उंदरांना आधी शिकवलं की मेंदूत हलका करंट जाणवला की जीभ बाहेर काढून चाटायचं, आणि मग फक्त एका न्यूरॉनला चेतवलं. एकाच! परिणाम छोटा होता, सरासरी ५ टक्के वेळाच एका न्यूरॉनमुळे उंदीर चाटायचा, पण काहीच न चेतवलेल्या वेळांपेक्षा तो नक्की जास्त निघाला. आणि गंमत म्हणजे इतरांना गप्प करणारे जे इनहिबिटरी न्यूरॉन असतात, त्यांना चेतवल्यावर परिणाम जास्त मोठा दिसला, मात्र दर पेशीगणिक वेगळा.